घरून काम, मागचं परस आणि मेलेला माड

बाल्कांववाली, माशेल (मार्च)

कंपनी पुण्यात, मी गोव्यात, माशेलात. सुरुवातीला टेबल समोरच्या खोलीत होतं, रस्त्याकडे तोंड करून. बस, दुचाक्या आणि सकाळ-संध्याकाळ पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. मग टेबल उचलून मागच्या पडवीशेजारच्या खोलीत नेलं. तेव्हापासून काम किती सुधारलं ते विचारू नका, पण 'तू बोलताना सारखी डावीकडे का बघतेस' असं टीम लीडनं विचारलंय. डावीकडे खिडकी आहे आणि खिडकीबाहेर परस.

परस काही मोठं नाही. दोन आंबे (त्यातला एक बांडगुळानं भरलेला), फणस, जाम, पेरू, शेवगा, केळीचं बेट, कुंपणाला पिटकोळी, विहिरीपाशी जास्वंद. खुर्चीतून न उठता दिसणारे: शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, कुटुर्गा, कोतवाल, टकाचोर, भारद्वाज, सातभाईंची टोळी, विहिरीच्या काठावर खंड्या, वर ब्राह्मणी घार. थंडीत हळद्या.

पक्षी बघायला लोक चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जातात, करमळीच्या तळ्यावर जातात. मीही जाते. पण तिथे रविवारी जे दिसतं ते त्या सकाळपुरतं. इथे तोच कोतवाल रोज दिसतो, आणि रोज दिसला की त्याच्या सवयी कळायला लागतात. ऊन केळीच्या बेटावर आलं की किडे उडायला लागतात, आणि हा नेमका तेव्हा तारेवर हजर. आमचं स्टँड-अप, म्हणजे सकाळची छोटी मीटिंग, संपेपर्यंत त्याचा नाश्ता उरकलेला असतो.

आता मुद्द्याचं. मागच्या कुंपणापाशी एका माडावर वीज पडली, शेंडा गेला, नुसतं खोड उभं आहे. त्याच्या वरच्या भागात सुतारपक्ष्याच्या जोडीनं ढोली केलीय. पाठ सोनेरी, शेंडी लालभडक. सासूबाई आणि दीर म्हणतात पावसाआधी माड पाडायचा, वाऱ्यात न्हाणीघरावर आला तर? त्यांचं चूक नाही. पण ढोलीत पिल्लं आहेत की अंडी तेही मला माहीत नाही. काय करावं?

दुर्बीणवेडा, म्हापसा

आधी पक्षी नक्की करू. गोव्यात सोनेरी पाठीचे सुतार एकाहून जास्त जातींचे आहेत. तुमचा बहुधा ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक, म्हणजे सोनपाठी सुतार. माडाच्या भाटांत (बागांत) तोच जास्त. उडताना शेपटीच्या मुळाशी, कमरेवर काळं दिसतं की लाल? काळं असेल तर हाच. लाल दिसलं तर ग्रेटर किंवा कॉमन फ्लेमबॅक, ते जास्त दाट झाडीतले. गळाही बघा, याचा काळा असतो आणि त्यावर पांढरे ठिपके.

नर-मादी ओळखणं सोपं. नराचा अख्खा माथा लाल. मादीचा पुढचा माथा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल फक्त मागच्या शेंडीला.

अंडी उबवायला साधारण ११ दिवस लागतात, आणि पिल्लं त्यानंतर साधारण २० दिवस ढोलीत असतात. म्हणजे अंडी आज घातली असली तरी एप्रिल संपायच्या आत ढोली रिकामी. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात. मध्ये अख्खा मे आहे, एवढी घाई कशाला?

बाल्कांववाली

कमर काळी. आत्ताच बघितली, बजेटच्या मीटिंगमध्ये. गळ्यावर ठिपकेही आहेत. दोघंही आळीपाळीनं आत जातात, पण चोचीत काही नेताना अजून दिसले नाहीत.

कुळागर, सावईवेरे

बाय, मी आयुष्यभर माड-पोफळीत काढलं, म्हणून जरा वेगळं सांगतो. रागावू नको.

मेलेला माड उभा ठेवणं पक्ष्यांना चांगलं, बाकीच्या माडांना वाईट. गेंड्या भुंग्याचं नाव ऐकलं असशील. तो अंडी घालतो शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजणाऱ्या माडाच्या खोडात. शेंडा गेला की वरून पाणी मुरतं, टोक कुजायला लागतं, ती त्याची आवडती जागा. तिथे वाढलेला भुंगा जिवंत माडाचा कोवळा कोंब पोखरतो. झावळी उघडली की त्रिकोणी कापल्यासारखी दिसते, ती त्याचीच करणी. शेजाऱ्याचे माड असतील तर तो तुझ्यावरच रागावणार, आणि बरोबर रागावणार.

दुसरी गोष्ट. मेलेल्या माडावर पाडेली (नारळ काढणारा) चढत नाही. चढू नयेच. म्हणजे वरून तुकडे करत आणायचं विसर. पाडायचा तर खालून, दोर बांधून, मोकळ्या बाजूला. तेव्हा आधी बघ, मोकळी बाजू आहे का?

पिल्लं उडेपर्यंत थांब, त्याला माझी ना नाही. त्यानंतर मात्र पाड. आणि पाडलेलं खोड परसात लोळत ठेवू नको, ते उभ्यापेक्षा वाईट. फोडून, वाळवून चुलीला.

डिचोलीचा, डिचोली

काकांशी अर्धा सहमत. कुजकं टोक वाईट, मान्य. पण सगळा माड मुळापासून का? पिल्लं गेल्यावर दहा-बारा फूट खोड ठेवून वरचं उतरवा. तेवढं वाऱ्यात पडत नाही आणि कुठेही पोचत नाही. कापलेल्या तोंडावर जुनं कौल किंवा पत्र्याचा तुकडा ठोका, म्हणजे पाणी मुरणार नाही. सुतार दर वर्षी नवी ढोली करतो, जुनीत मग दयाळ, मैना, पोपट, पिंगळा येतात. आमच्याकडे अशाच एका खोडात पिंगळ्यांची जोडी राहते. दुपारी दोघं तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघत बसतात, अगदी नापसंतीनं.

आणि एक सरकारी गोष्ट. वृक्षसंरक्षणाचा कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये माडाला त्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळलं, त्यावर गोवाभर रान उठलं, आणि २०१७ मध्ये त्याला परत झाड करायचं ठरलं. तुमचा मेलेलाच आहे, तरी कापण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात एकदा विचारा. नंतर कुणी तक्रार केली की फुकट फेऱ्या.

सासष्टीकर, मडगाव

माड राहो की पडो, मला एकच सांगा. तुम्ही लोक मीटिंगमध्ये माइकचं काय करता? माझ्या खिडकीबाहेरचा कोकिळ एप्रिलमध्ये सकाळपासून सुरू होतो. परवा क्लायंटनं विचारलं, 'इज समवन व्हिसलिंग ॲट अस?' मी म्हटलं, तुम्हाला नाही, त्याच्या बायकोला.

रातपाळी, पर्वरी

@सासष्टीकर, आवाज गाळायचं सेटिंग चालू करा. कुत्रा, मिक्सर, कोकिळ, सगळं गाळतं. मादीचं ते किक्-किक्-किक् मात्र कधीकधी निसटतं.

मी अमेरिकेच्या वेळेत काम करतो, त्यामुळे तुमचे शिंजीर-बुलबुल मला झोपेत. पण रात्रपाळीवाल्यांचंही परस असतं हो. फ्लॅटच्या मागे अजून थोडं शेत उरलंय. पावसाळ्यात तिथे पाणकोंबड्या रात्रभर क्वाक्-क्वाक् करतात, कधीकधी पहाटेपर्यंत, दमत नाहीत. उन्हाळ्यात अंधार पडला की रातव्याचं एकसुरी चक्-चक् सुरू. आणि एक ऊ-उक्, ऊ-उक्, दोन तुकड्यांचा, सारख्या अंतरानं, बराच वेळ चालणारा. तो ब्राऊन बूबुक नावाचा घुबड निघाला. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या घुबड ओरडलं की काहीतरी होतं. मी त्यांना सांगितलं, होतं ते उंदरांचं होतं. आता त्याच मला सकाळी सांगतात, 'काल तुमचा मित्र आलेला.'

शिफ्ट संपते तेव्हा अजून अंधार असतो आणि रस्त्याच्या दिव्याखाली दयाळ गायला लागलेला असतो. लॅपटॉप बंद करायला याहून बरी सूचना कंपनीनं अजून काढलेली नाही.

वाळपईकर, वाळपई

आमच्याकडे कॉल तुटतो तो नेटवर्कमुळे, पक्ष्यांमुळे नाही.

पण परसाबद्दल बोलायचं तर आमचा राज्यपक्षी आमच्या परसात येतो, एवढी फुशारकी मारू द्या. लाल गळ्याचा बुलबुल. पिवळं अंग, काळं डोकं, पांढरा डोळा, गळ्यावर तांबडा ठिपका. शेंडी नाही, म्हणून शिपाई बुलबुलाशी गल्लत होत नाही. मागे रान लागून आहे म्हणून येतो, माशेल-म्हापशाच्या परसात शोधू नका. आणि मलबारी राखी धनेश. त्याचं ओरडणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं रानात कुणीतरी वेड्यासारखं हसतंय. माझ्या बंगळूरच्या मॅनेजरला तसंच वाटलं. मोठा कवड्या धनेश काजऱ्याची फळं खायला येतो. आपण ज्या बीला विष म्हणतो त्याचीच फळं.

पावसाच्या तोंडावर ओढ्याकडून पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ येते. माणूसच शीळ घालतोय असं वाटतं, सूर विसरत विसरत. त्या वेळी मी कोणतंही काम उघडत नाही. पगार कापला तरी चालेल.

नवी_पाखरं, काणकोण

मी मर्लिन ॲप घेतलंय. फोन खिडकीत ठेवला की आवाजावरून नावं दाखवतं. काल सकाळी एवढी नावं आली की मला वाटलं परसात अभयारण्य भरलंय. शिक्रा, सर्पगरुड, हळद्या, सगळे एकदम! बाहेर बघितलं तर काजूच्या झाडावर एकच काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके.

दुर्बीणवेडा

तोच तुमचं अभयारण्य. भृंगराज. मोठा पल्लवपुच्छ कोतवालही म्हणतात. दुसऱ्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की ॲपच काय, पक्षीही फसतात. कळपानं चरणाऱ्या पक्ष्यांना शिकारी पक्ष्याचा आवाज काढून पळवायचं आणि त्यांचा किडा उचलायचा, हा कोतवालांचा जुना धंदा.

मर्लिन चांगलं आहे, मीही वापरतो. पण त्याचं उत्तर म्हणजे 'इथे बघ' एवढंच समजायचं. आवाज आला, पक्षी डोळ्यांनी बघितला, मग नोंद. भारताचा पॅक आधी उतरवून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतं. वाळपईकरांनी लक्ष द्यावं.

पेडण्याची_सून, पेडणे

मी शिक्षिका. सुट्टीत आणि पेपर तपासताना 'घरून काम'. मला विचाराल तर दुर्बीण, ॲप सगळं नंतर. आधी पाणी आणि पातेरा.

पाणी म्हणजे मातीची पसरट पाटली (थाळीसारखं भांडं), फार तर दोन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत दगड. खोल भांड्यात बुलबुलही उतरत नाही. झुडपापासून थोडी दूर ठेवा, म्हणजे मांजर दबा धरू शकत नाही. आणि रोज ओता, घासा, नवं भरा. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. दोन दिवस गावाला जायचं असेल तर पाटली उपडी घालून जा. आरोग्य खात्याचे लोक तपासणीला येतात तेव्हा पक्ष्यांचं कारण चालत नाही.

पातेऱ्याबद्दल मी घरात भांडून आता तह केलाय. आमच्याकडे रोज सकाळी अंगण झाडून सुका पाला पेटवायची पद्धत. पुढचं अंगण झाडायचं, मागे फणसाखालचा पातेरा तसाच ठेवायचा, असं ठरलं. थंडीत त्या पातेऱ्यात केशरी डोक्याचा कस्तुर पानं उलथत फिरला, आणि एकदा नवरंग. हिरवी पाठ, पोटाशी लाल, डोळ्यावर काळी पट्टी. सासरे पुढच्या दारातून मागे फक्त त्याला बघायला आले आणि तेव्हापासून मागचा झाडू बंद आहे.

तांदूळ, पाव, शेव घालू नका. कावळे आणि घुशी वाढतात, आणि घुशींमागे धामण. धामणीला माझी हरकत नाही, पण शेजारीण ओरडते.

सासष्टीकर

पाव नाही? माझ्या पोदेराच्या पावावर कावळ्यांची एक पिढी वाढलीय. पितृपक्षात ते माझ्याच घराला प्राधान्य देतात, ही गोष्ट तुम्ही लक्षात घेत नाही.

सध्या_आसगावात

मी मूळचा पुण्याचा, सध्या भाड्यानं आसगावात, घरून काम. घराला मागच्या बाजूनं जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. नजारा सुंदर. पण बरेचदा पक्षी येऊन धडकतात. गेल्या आठवड्यात हिरवी पाठ, लाल चोच, कवड्यासारखा एक. थोड्या वेळानं उडाला. मी ससाण्याचं एक स्टिकर लावलंय, उपयोग शून्य. काय करता येईल?

दुर्बीणवेडा

पाचू कवडा. झाडीतून जमिनीलगत सुसाट उडतो, काच त्याला दिसतच नाही. त्याला काचेत आंबा दिसतो, तो आंब्याकडे निघालेला असतो.

एक स्टिकर म्हणजे एक अडथळा. त्याला टाळून पक्षी बाजूच्या मोकळ्या काचेत शिरतो. काचेवर बाहेरून, पुन्हा सांगतो, बाहेरून, सगळीकडे दर ५ सेंटिमीटरला ठिपके किंवा रेघा हव्यात. पांढरा ऑइल मार्कर किंवा साबणाच्या पाण्याचे पट्टेही चालतात, साबणाचे पावसात पुन्हा मारावे लागतील. किंवा बाहेरून मच्छरजाळी ताणून बसवा. ती सगळ्यात सोपी, वर डासही थांबतात.

धडकलेला पक्षी गळाठलेला असेल तर हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवा. पाणी पाजू नका, भरवू नका. मग झुडपापाशी खोकं उघडा.

आणि गाडीच्या आरशाला पिशवी बांधा. विणीच्या दिवसांत नर शिंजीर आरशातल्या स्वतःशी भांडत दिवस घालवतो.

सध्या_आसगावात

आरशावरचे ते पांढरे डाग कशाचे ते आत्ता कळलं. जाळीचं मालकाला विचारतो. त्यांना 'व्ह्यू' जाईल अशी भीती आहे.

बाल्कांववाली (एप्रिल)

आता दोघंही चोचीत काहीतरी घेऊन आत जातात, आणि खोडाला कान लावला की आतून घरघर ऐकू येते. म्हणजे पिल्लं आहेत. दीर परवा स्वतः खिडकीपाशी चहा घेऊन बसले आणि 'तो लाल शेंडीवाला परत आला बघ' म्हणाले. सासूबाई अजून न्हाणीघराकडे बघतात.

दुसरा प्रश्न बांडगुळाचा. आंब्यावरचं सगळं काढून टाका असं सगळे सांगतात. पण माझ्या खिडकीतली अर्धी वर्दळ त्याच्यावरच आहे.

कुळागर

वर्दळ असणारच. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात आणि पिकलेल्या फळांवर फुलटोच्या. जेमतेम ८ सेंटिमीटरचा पक्षी, टिक्-टिक् करत फिरतो, आपल्याकडच्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. फळ गिळतो, चिकट बी बाहेर येते ती अंग घासून फांदीवर पुसतो, तिथे नवं बांडगूळ. दोघांची एकमेकांशी सोयरीक आहे आणि आंबा बिचारा हुंडा भरतो.

सगळं ठेवलंस तर आंबा सुकेल. सगळं काढलंस तर तुझी खिडकी सुनी. फळं धरायच्या आत, मुख्य फांद्यांवरचं काढ, बांडगुळाच्या बुंध्याखाली हातभर फांदीसकट छाट, नाहीतर परत फुटतं. टोकाच्या एखाद्या फांदीवरचं ठेव. माझ्या कुळागरात तेवढं ठेवतो मी. त्यावर तो छोटा लाल पाठीचा शिंजीर येतो, क्रिमसन-बॅक्ड सनबर्ड म्हणतात, पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही. आमचा नातू फोनवर खेळायचं थांबवून त्याला बघतो. दुसरं कशानं थांबवता आलेलं नाही.

पेडण्याची_सून

काका, तुम्ही भुंगेवाले की पक्षीवाले, एकदा ठरवा.

कुळागर

माडाखाली भुंगेवाला, आंब्याखाली पक्षीवाला.

बाल्कांववाली (मे)

पिल्लं उडाली. मी कॉलवर होते, कॅमेरा बंद केला आणि बघितलं. एक आधी गेलं, दुसरं बराच वेळ ढोलीतून मान काढून ओरडत राहिलं, आई-बाबा समोरच्या फणसावरून हाका मारत होते, खायला घेऊन आत जात नव्हते. शेवटी धपकन फणसाच्या खोडाला जाऊन चिकटलं.

नंतर आठवडाभर ढोलीकडे कुणी फिरकलं नाही, मग कापायचं ठरलं. वनखात्यात विचारून आलो. डिचोलीच्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं. शेजारच्या मोकळ्या शेताकडे दोर ओढून वरचं खोड पाडलं, खाली बारा फूट ठेवलं, तोंडावर कौल बसवलं. काका, वरच्या टोकात खरंच पांढऱ्या, वळलेल्या, बोटाएवढ्या अळ्या होत्या, भुग्यात लपलेल्या. सासूबाईंनी कोंबड्यांना घातल्या. ढोलीचा तुकडा दिरांनी फेकू दिला नाही. खाली फळी ठोकून तो फणसाला सुतळीनं उभा बांधलाय.

कुळागर

सुतळी पावसात कुजेल. नायलॉनची दोरी घे, आणि फांदी दोरीनं काचू नये म्हणून मध्ये गोणपाट. बाकी बरोबर केलंस.

डिचोलीचा

ढोलीचं तोंड पावसाच्या दिशेला नको. नैऋत्य टाळा. त्यात कोण राहायला आलं ते कळवा. मैना आली तर नाराज होऊ नका, तीही भाडेकरूच.

दुर्बीणवेडा

पावसाळा जवळ आलाय म्हणून सगळ्यांना. दुर्बीण घेणाऱ्यांनी परसासाठी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) घ्या. १०× मध्ये हात हलतो आणि जवळचा पक्षी दृष्टीच्या तुकड्यातून निसटतो. सगळ्यात जवळून किती अंतरावर फोकस होते ते विचारून घ्या, दोन मीटरच्या आसपास असेल तर पिटकोळीवरचा शिंजीर खिडकीतून स्पष्ट दिसतो. आणि गोव्यातला खरा शत्रू बुरशी. जुलैत दुर्बीण कपाटात ठेवली की ऑगस्टमध्ये काचेवर जाळं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओलावल्या की पुन्हा वाळवा. त्या चामड्याच्या सुंदर पिशवीत मुळीच नको, तिथेच बुरशी आधी धरते. रोज वापरली तर सगळ्यात उत्तम.

रातपाळी

एक विचार. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, भारतात २०१३ पासून. किमान १५ मिनिटं एका जागी बसून जे दिसेल-ऐकू येईल ते ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर भरायचं, एवढंच. कावळा आणि बुलबुलही मोजायचे, 'त्यात काय' म्हणून सोडायचे नाहीत. एक माशेलचं परस, एक वाळपईचं, एक काणकोणचं, एक माझं रात्रीचं, अशा नोंदी त्याच चार दिवसांत टाकू या का? नकाशावर खूण घराच्या दारावर टोचायची गरज नाही, गावापुरती टाकली तरी पुरते.

वाळपईकर

चालेल. नेटवर्क असेल त्या दिवशी भरतो, नोंद वहीत आधी.

सासष्टीकर

माझे कावळे मोजायला १५ मिनिटं पुरायची नाहीत.

नवी_पाखरं

मी आहे. त्याआधी एक ओळखून द्या. काल पावसाच्या आधी माडाच्या झावळीवर कोतवालासारखाच बसला होता, शेपटी दुभंगलेली, वरून काळपट, पण पोट पांढरं. काळ्या कोतवालाचं पिल्लू असू शकतं का?

दुर्बीणवेडा

पिल्लाच्या पोटावर पांढऱ्या किनारी असतात, पोट अख्खं पांढरं नसतं. पांढऱ्या पोटाचा कोतवाल म्हणून वेगळी जात आहे. पांढरा रंग छातीपासून खाली एकसंध होता की खवल्यांसारखा तुटक? फोटो असेल तर टाका, धूसर असला तरी चालेल. मर्लिनला विचारू नका.